ते २३ सेकंद कापू नका : रेडिओ केंद्रांना एक खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या आकाशवाणी केंद्रांचे कार्यक्रम अधिकारी आणि सामुदायिक रेडिओ चालवणारी सर्व मंडळी यांस,

स.न.वि.वि.

मी फिरती विशेष शिक्षिका आहे. सातारा जिल्ह्यात, कोयनेच्या खोऱ्यातल्या वाड्यावस्त्यांवर जाऊन मुलांना शिकवते. काही मुलं गावच्या जिल्हा परिषद शाळेत बसतात. काहींना शाळेपर्यंत आणणंच जमत नाही, मग मी त्यांच्या ओसरीवर जाते. माझ्या पिशवीत चित्रकार्डं, मणी, ठोकळे असतात, आणि गेली दहा वर्षं त्यांच्यासोबत मुठीत मावेल एवढा एक रेकॉर्डरही असतो. या पत्रात तुमच्याकडे एक मागणं मागायचं आहे. पण आधी एक प्रसंग सांगते.

काही वर्षांपूर्वी ३ डिसेंबरच्या दिव्यांग दिनासाठी एका रेडिओ केंद्राची माणसं आमच्याकडे आली होती. मनाने चांगली माणसं. मुलांसाठी चिक्की घेऊन आली, प्रत्येकाशी प्रेमाने बोलली. आमच्यात तेव्हा बारा वर्षांचा एक मुलगा होता. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूचा स्नायूंवर नीट ताबा राहत नाही. डोकं तल्लख, पण एक शब्द बोलायचा तर श्वास, जबडा आणि जीभ या तिघांना एका ठिकाणी गोळा करावं लागतं, आणि ते तिघं सहजासहजी एकत्र येत नाहीत. निवेदिकेने विचारलं, "तुला काय आवडतं, बाळ?" त्याने श्वास घ्यायला सुरुवात केली. त्या चार-पाच सेकंद थांबल्या आणि मग त्यांनी स्वतःच विचारलं, "क्रिकेट आवडतं ना?" त्याची मान हलली. त्याची मान तशीही हलते.

कार्यक्रम लागला त्या दिवशी त्याच्या घरी अर्धी वाडी जमली होती. माझ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला दोन सेकंद आले. मागे बासरी, निवेदिकेचा प्रश्न, आणि कुठून तरी जोडलेला एक अस्पष्ट "हो". त्यानंतर त्या म्हणाल्या की या चिमुकल्याला क्रिकेटचं वेड आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पोरगं गप्प बसलं होतं. मी निघताना त्याने माझी ओढणी धरून ठेवली आणि बराच वेळ घेऊन सांगितलं, "मी... म्हशीचं... सांगणार... होतो."

त्यांची म्हैस त्या आठवड्यात व्यायली होती.

त्या दिवसापासून हे मागणं माझ्या मनात आहे. आमच्या मुलांविषयीचे कार्यक्रम तुम्ही करता. वर्षातून एकदा का होईना, करता. आता त्यांचा कार्यक्रम करा, आणि त्यात त्यांच्या बोलण्यामधले थांबे ठेवा. ते थांबे कापले की माणूसच कापला जातो.

तुमची अडचण मला कळते. रेडिओवर शांतता म्हणजे बिघाड. ऐकणारा सेट ठोकून बघतो, स्टेशन बदलतो. प्रसारणात आवाज ठरावीक वेळेपेक्षा जास्त बंद राहिला तर धोक्याची सूचना देणारी यंत्रणाही असते. संपादनाला बसलेल्या माणसाचा हात सवयीनेच रिकाम्या जागेवर जातो. पण आमच्या कामात ती जागा रिकामी नसते. वाचाउपचाराची पहिली शिकवण हीच आहे : प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोज, वेळ पडली तर वीस मोज, आणि तोवर दुसरा प्रश्न विचारू नकोस. दुसरा प्रश्न आला की मुलाने जुळवत आणलेलं पहिलं उत्तर विस्कटतं आणि त्याला पुन्हा मुळापासून सुरुवात करावी लागते. असं दिवसातून पन्नास वेळा झालं की मूल बोलायचंच सोडतं. मग घरचे म्हणतात, "तो बोलत नाही."

रेकॉर्डर मात्र थांबतो. तो घड्याळाकडे बघत नाही, त्याच्या चेहऱ्यावर आठी येत नाही. मुलाच्या डोळ्यांत डोळे घालून तो बघत नाही, हे स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांसाठी फार मोठं आहे. "माझ्याकडे बघून बोल" हे वाक्य ऐकून त्यांचं निम्मं बळ बघण्यातच खर्च होतं. माईककडे बघावं लागत नाही. आणि तेच गाणं, तीच गोष्ट एक्केचाळिसाव्यांदा लावली तरी आवाजाचा सूर बदलत नाही. मी माणूस आहे, दमते, माझा सूर बदलतो, आणि ज्या मुलांना जग रोज तसंच्या तसं हवं असतं त्यांना तेवढा बदलही टोचतो.

नऊ वर्षांच्या एका स्वमग्न मुलाचं सांगते. कुकरची शिट्टी झाली की तो कान झाकून घराबाहेर धावायचा. एकदा भर पावसात ओढ्यापर्यंत गेला. तेव्हापासून त्याच्या आईने कुकर लावणंच बंद केलं, डाळ पातेल्यात शिजवायची. आम्ही शेजारच्या घरी जाऊन शिट्टी रेकॉर्ड केली, आवाज अगदी बारीक केला आणि रेकॉर्डर त्याच्या हातात दिला. पहिल्या दिवशी त्याने बटण दाबलं आणि लगेच बंद केलं. पण बंद करणारा तो होता. आजवर शिट्टी त्याच्यावर येऊन आदळत होती, त्या दिवशी पहिल्यांदा ती त्याच्या अंगठ्याखाली होती. पुढचे कितीतरी आठवडे तो स्वतःच आवाज एकेक घर वाढवत गेला. आम्ही वाढवला नाही. जबरदस्तीने ऐकवला असता तर भीती दुप्पट झाली असती, म्हणून हे कुणी आपल्या मनाने घरी करू नये, मुलाला ओळखणाऱ्या शिक्षकाला किंवा उपचारतज्ज्ञाला सोबत घ्यावं. आज त्यांच्या घरी कुकर लागतो. शिट्टीच्या आधी आई सांगते, तो कानांवर हात ठेवतो आणि घरातच थांबतो.

त्यानंतर त्याने रेकॉर्डर सोडलाच नाही. पिठाची गिरणी, घाटात वळणावर वाजणारा एसटीचा हॉर्न, पत्र्यावरचा पाऊस, देवळातली घंटा. पत्र्यावरच्या पावसाचे त्याच्याकडे सहा वेगवेगळे आवाज आहेत आणि कुठला पाऊस कुठल्या घराच्या पत्र्यावरचा, हे तो डोळे मिटून सांगतो. मला सगळे एकसारखेच वाटतात. असे कान असलेलं मूल तुमच्या केंद्राच्या परिसरात राहतं आणि तुम्हाला त्याची माहिती नाही, याचं मला वाईट वाटतं.

आमचा स्टुडिओ म्हणजे गोधडी. वर्गाच्या सिमेंटच्या भिंतींवरून आवाज घुमतो, म्हणून दोन बाकांवर गोधडी टाकायची आणि आत बसायचं. पंखा बंद. वारं असेल तर माईकवर लहान बाळाचा लोकरी मोजा चढवायचा. 'प', 'फ', 'भ' म्हणताना तोंडातली हवा माईकवर आदळते, म्हणून माईक ओठांसमोर न धरता गालाच्या बाजूला धरायचा, हे आता मुलंच एकमेकांना शिकवतात. शाळेत तीन वर्षं कुणाशी एक शब्द न बोललेली एक मुलगी त्या गोधडीखाली पहिल्यांदा बोलली. काय बोलली? "इथं गोधडीला आजीचा वास येतो." तेवढंच वाक्य, तेही कुजबुजत. ते मी तिच्या आईला ऐकवलं तेव्हा त्या बाईंनी रेकॉर्डर कानाला लावूनच ठेवला.

चौदा वर्षांची दुसरी एक मुलगी बौद्धिक दिव्यांग आहे. चहा करायला तिला शिकवत होतो, पण क्रम राहत नव्हता. साखर उकळीनंतर, कधी दूध आधी, कधी गाळणीच विसरायची. चित्रांचा तक्ता लावून पाहिला, उपयोग झाला नाही. मग तिच्या आईचा चहा रेकॉर्ड केला. लायटरचा खटका, भांड्यात पडणारं पाणी, साखरेच्या डब्याचं झाकण, उकळी, गाळणीतून कपात पडणारी धार. मोबाइलवर त्याचे तुकडे केले आणि मागेपुढे करून तिला ऐकवले. धार आधी आणि उकळी नंतर लागली की ती खदखदून हसायची आणि म्हणायची, "बाई, चुकलं!" तिचं तिनेच ते तुकडे बरोबर लावले. तिला क्रम डोळ्यांनी लागत नव्हता, कानांनी लागला. आता ती चहा करताना तोंडाने ते आवाज काढते, खट्, सळ्ळ, आणि एकही पायरी चुकत नाही.

सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी रेकॉर्डिंगचा आणखी एक उपयोग आहे. बोलताना आपला आवाज हवेतून कानात येतो तसा कवटीच्या हाडांमधूनही येतो, म्हणून स्वतःचं बोलणं आपल्याला आतून निराळंच ऐकू येतं. समोरच्याला कुठलं अक्षर लागत नाही, हे त्या मुलाला कळायला मार्गच नसतो. लोक नुसतं "काय? काय?" करतात. रेकॉर्डिंग ऐकलं की ते त्याचं त्यालाच कळतं. माझा म्हशीवाला विद्यार्थी स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकून रडला होता. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच रेकॉर्डरकडे बोट केलं. 'म्हैस' मधला 'म्ह' त्याने किती वेळा घोटला ते मी मोजलं नाही.

हे सगळं वर्गातही होतं, मग रेडिओ कशाला, असं तुम्ही विचाराल. रेडिओ यासाठी की बोलण्याला ऐकणारा लागतो. माझ्या मुलांना ऐकणारे ठरलेले आहेत : आई, मी, फार तर आजी. ती जे बोलतात ते उपचार म्हणून बोलतात, शाबासकी मिळते आणि संपतं. रेडिओवर लागणार आहे म्हटलं की बोलण्याला कारण मिळतं. पलीकडच्या वाडीतला माणूस ऐकणार, दुकानदार ऐकणार, मग उद्या दुकानात गेल्यावर तो विचारणार, "काय रे, म्हैस कशी आहे?" हे विचारणं मला हवं आहे. ते मी वर्गात बसून आणू शकत नाही. तुम्ही आणू शकता.

आणि जी मुलं अंथरुणातून उठू शकत नाहीत, त्यांच्या घरात तुम्ही आधीच पोचलेले आहात. नेट नसलेल्या वस्तीवरही रेडिओ लागतो. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरून 'शाळेबाहेरची शाळा' सुरू झाली, ती ज्यांच्याकडे स्मार्टफोन नव्हता त्या घरांतही पोचली. रेडिओवरून शिकवणं ही काही नवी गोष्ट नाही. १९७४ मध्ये निकाराग्वा देशात रेडिओवरून गणिताचे धडे देण्याचा प्रकल्प सुरू झाला. त्या धड्यांची खुबी कशात होती? रेडिओतला आवाज प्रश्न विचारायचा आणि थांबायचा, वर्गातली मुलं मोठ्याने उत्तर द्यायची, मग रेडिओ पुढे जायचा. ती थांबण्याची जागा संहितेतच लिहिलेली असायची. त्या पद्धतीचे धडे पुढे कितीतरी देशांनी केले. म्हणजे मी मागते आहे तो थांबा रेडिओच्या शिक्षणात पन्नास वर्षांपूर्वीच रुजला आहे. आमच्या मुलांना तो थोडा लांब लागतो, एवढंच.

आता मागणं नीट मांडते. आठवड्यातून १५ मिनिटं द्या. वार आणि वेळ पक्की ठेवा, कारण आमच्यातल्या पुष्कळ मुलांसाठी ठरलेली वेळ हीच हातात धरायची काठी असते. कधी बदलावी लागलीच तर आदल्या दिवशी दोन-तीनदा सांगा. सुरुवातीची धून कायम तीच ठेवा, आणि तोच भाग त्याच आठवड्यात पुन्हा लावा. एकदा ऐकून सुटतं ते दुसऱ्यांदा सापडतं. रेकॉर्डिंग आम्ही विशेष शिक्षक करू, पालक करतील, कितीतरी मुलं स्वतः करतील. तुम्ही एक दिवस आम्हाला तुमच्याकडे बसवून आवाजाची पातळी कशी राखायची, फाइल कशी द्यायची ते शिकवा. 'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेतले माझ्यासारखे विशेष शिक्षक तालुक्यातालुक्यांत आहेत. शिक्षण विभागाच्या तालुक्यातल्या गटसाधन केंद्राला एक पत्र लिहिलंत तर मुलं शोधत फिरावं लागणार नाही.

शांततेचाही उपाय आहे. थांब्यात नुसती पोकळी ठेवू नका, त्या खोलीतला मूळ आवाज चालू राहू द्या : कोंबडी, लांबून जाणारी जीप, मुलाचा श्वास. ऐकणाऱ्याला कळतं की सेट चालू आहे आणि कुणीतरी बोलायच्या तयारीत आहे. कार्यक्रमाच्या आधी निवेदकाने एका वाक्यात सांगावं, "या कार्यक्रमात बोलणारी मुलं वेळ घेऊन बोलतात, आपणही थांबून ऐकूया." चार आठवड्यांत श्रोत्यांना सवय होईल. शास्त्रीय गाण्याच्या आलापीत दोन स्वरांमधली जागा ज्या श्रोत्याला ऐकू येते, त्याला हीसुद्धा ऐकू येईल, असा माझा विश्वास आहे.

विषय मुलांना ठरवू द्या. कृपा करून दर वेळी "तुला मोठेपणी कोण व्हायचंय" आणि "तू किती जिद्दी आहेस" हे नको. त्यांना आठवडी बाजाराविषयी, भुताविषयी, पावसाविषयी, भावाने मारलं त्याविषयी बोलायचं असतं. मागे करुण बासरी लावू नका. संगीतामुळे ऐकणाऱ्याला आधीच कळतं की इथे हळहळायचं आहे, आणि मग तो शब्द ऐकत नाही. निवेदकाने मुलाचं वाक्य पुरं करू नये. बोलणं अस्पष्ट असेल तर मुलाने बोलून झाल्यावर, त्याला विचारून, शांतपणे तेच वाक्य पुन्हा म्हणावं. मुलाच्या आवाजावर आपला आवाज चढवू नये. आई-वडिलांची लेखी परवानगी घ्या आणि मुलाचीही घ्या. न बोलणारं मूलसुद्धा नकार देतं, तोंड फिरवतं, हात मागे घेतं, तो नकारच मानायचा. नाव, गाव, निदान हे सगळं हवेवर सांगायची गरज नाही.

एक गोष्ट सांगायला हवी. कर्णबधिर मुलांपर्यंत रेडिओ पोचत नाही. आमच्यातला एक मुलगा स्पीकरवर तळहात ठेवून ढोलकीचा ठेका पकडतो आणि त्यावर पाय आपटून इतरांचं रेकॉर्डिंग सजवतो, पण कार्यक्रमातलं बोलणं त्याला मिळत नाही. त्याच्यासाठी प्रत्येक भाग लिहून शाळेच्या फलकावर लावावा लागेल. ते काम मी घेते.

हे मागणं मी उपकार म्हणून मागत नाही. आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीचा कायदा १९९० चा आहे. त्याच्या १२व्या कलमात मुलं, अंध, वृद्ध आणि अपंग यांचं हित जपण्यासाठी विशेष पावलं उचलणं हे प्रसार भारतीचं काम म्हणून सांगितलं आहे. सामुदायिक रेडिओचं २००६ चं धोरण म्हणतं की निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावेत. आमची मुलं स्थानिकच आहेत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांहून जास्त दिव्यांग व्यक्ती मोजल्या गेल्या. तेव्हा २०१६ चा दिव्यांग हक्कांचा कायदा आला नव्हता. त्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ वर नेले आणि स्वमग्नता, अध्ययन अक्षमता यांनाही जागा दिली. म्हणजे आज तो आकडा मोजला तर आणखी मोठा निघेल. यातली किती माणसं तुमच्या केंद्रावरून गेल्या वर्षात स्वतःच्या तोंडाने बोलली, हे तुमच्याच वहीत पाहा.

वाट अगदीच अनोळखी आहे असंही नाही. नागपुरात २०२२ मध्ये दृष्टिहीनांसाठी 'रेडिओ अक्ष' ही इंटरनेट वाहिनी सुरू झाली. आमच्या वस्तीवरची एक दृष्टिहीन मुलगी मोबाइलवरच्या बोलक्या सुविधेच्या मदतीने सगळ्यांचं रेकॉर्डिंग जोडते. कुठे श्वास तुटला, कुठे वाक्य अर्ध्यात कापलं गेलं, हे तिला एका ऐकण्यात कळतं. थांबा कुठे ठेवायचा यावर माझे आणि तिचे कधी मतभेद झाले तर मी तिचं ऐकते.

या पत्राबरोबर त्याच मुलीने जोडलेल्या चार फाइलींचा पेनड्राइव्ह मी आमच्या भागात ऐकू येणाऱ्या केंद्रांना टपालाने पाठवते आहे. पहिलीत पत्र्यावरचा पाऊस आहे, दुसरीत चहा, चौथीत गोधडीतली कुजबुज, ती हेडफोन लावून ऐका. तिसरी फाइल त्या म्हशीची आहे. मुलगा आता सोळा वर्षांचा आहे. मी प्रश्न विचारते, त्यानंतर २३ सेकंद कुणी बोलत नाही. गोठ्यातली साखळी वाजते, एकदा म्हैस फुरफुरते. ते २३ सेकंद कापू नका. त्यानंतर तो सांगतो की रेडकू रात्री अडीचला झालं, कंदील त्याने धरला होता, आणि हात हलत होता तरी वडील रागावले नाहीत.

आपली नम्र,
कोयना खोऱ्यातली एक विशेष शिक्षिका